बुधवारी बिघडणारी गाडी

आमच्या साडूंइतका काळजी करणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा झाला नाही, आणि होऊही नये. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. राहायला अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीपलीकडच्या एका गल्लीत, जिथे समोरून बैलगाडी आली तर आपल्याला कुणाच्या तरी ओट्यावर चढावं लागतं. मी अमरावतीला मास्तर. ते आमच्याकडे यायचे तेव्हा स्टेशनवर इतक्या लवकर पोचायचे की त्यांच्या गाडीच्या आधीची गाडीही त्यांच्यासमोर सुटायची, आणि तीत चुकून आपण चढायला हवं होतं की काय, याची काळजी ते बडनेऱ्यापर्यंत करायचे. पिशवीत टॉर्च, सुतळीचं बंडल, साखर-मिठाच्या पुड्या आणि शिट्टी. शिट्टी कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "कुठी अडकलो तं?" कुठे अडकणार ते त्यांनाही माहीत नव्हतं, पण अडकल्यावर वाजवायला काहीतरी हवं, एवढं पक्कं होतं. एकदा आम्ही सगळे गुरुकुंज मोझरीच्या आश्रमात गेलो होतो. प्रार्थनेच्या वेळी माणसं डोळे मिटून अशी शांत बसली होती की झाडावरचं पान पडलेलं ऐकू यावं. तेवढ्यात साडू माझ्या कानाशी लागले, "मास्तर, निघताना गॅसचा खटका मी बंद केल्ता, तुमी पाह्यलं होतं ना?" मी अमरावतीचा, खटका अकोल्याचा. मी मान हलवून पाहिलं म्हणून सांगितलं, तेव्हा कुठे त्यांनी डोळे मिटले.

आयुष्यभर ते एका खेड्यातल्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. तिथे त्यांची ख्याती अशी की औषध देऊन झाल्यावर ते रोग्याच्या मागे त्याच्या घरापर्यंत जायचे आणि दारातून विचारायचे, "बाटली हालवून घेतली ना बाप्पा?" लोकांना याचा वैताग यायचा, पण त्यांच्या हाताला गुण आहे असंही लोक मानायचे. निवृत्त झाले तेव्हा आम्हाला वाटलं, आता हा माणूस जरा आडवा पडेल, पोथी वाचेल, नातवंडांची वाट पाहील. तर त्यांनी मोटार विकत घेतली. मोटार म्हणजे काय, बाभळीचं झुडूप पोटातून वर आलेली एक जुनीपुराणी पिकअप. बार्शीटाकळीच्या बाजूला त्यांचं गाव. तिथल्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात ती कित्येक पावसाळे उभी होती. साडूंचे वडील त्या जिनिंगात ड्रायव्हर होते आणि हीच गाडी चालवायचे. धाकटा भाऊ गजू तर वडिलांच्या मांडीवर बसून तिचं स्टेअरिंग फिरवायला शिकला. भंगारवाला ती तोडायला नेणार, असं कळलं आणि साडूंनी भंगाराच्याच भावात ती उचलली.

उचलली म्हणजे गजूच्या बैलजोडीनं ओढत आणली. ती मिरवणूक जुन्या शहरात अजून सांगतात. पुढे बैल, मागे दोरखंडाला बांधलेली गाडी, आणि स्टेअरिंगवर साडू, पांढरी टोपी घट्ट बसवून. गाडीला ब्रेक नव्हते, काचा नव्हत्या, दिवे नव्हते. पण वळण आलं की साडू खिडकीतून नीट हात काढून इशारा देत होते, आणि बैल त्या इशाऱ्याला काडीचीही किंमत देत नव्हते. मोर्णेच्या पुलावर गजू बैलांपुढे चालत मागे वळून हसत होता. उंच, काटक, काळासावळा माणूस. हसला की सगळे दात दिसायचे. हे मुद्दाम सांगतो, कारण त्यानंतर बराच काळ मला ते दात दिसले नाहीत.

मागच्या अंगणातला रिकामा गोठा हे साडूंचं वर्कशॉप झालं. तिथे त्यांनी जे चालवलं त्याला गाडीची दुरुस्ती म्हणण्यापेक्षा शुश्रूषा म्हणणं बरं. बिजागऱ्यांना तेल द्यायचं ते इंजेक्शनच्या सिरिंजनं. रबरी नळी चिरली तर आधी तिला बँडेज. नट खोलण्यापूर्वी ते हात साबणानं धुवायचे, आणि खोलल्यावर धुवायचे ते वेगळंच. गाडी विटांवर चढवलेली होती, चाकं केव्हाच निघाली होती, तरी जिथे चाकं असायला हवी होती तिथे त्यांनी गाडी घरंगळू नये म्हणून दगडाची उटी लावून ठेवली होती, वर हँडब्रेक ओढलेला. गाडीखाली जायचं तर पायाच्या अंगठ्याला सुतळी बांधायचे. तिचं दुसरं टोक स्वयंपाकघराच्या खिडकीला. खाली काही झालं तर साडूंनी सुतळी ओढायची आणि ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीनं, धावत यायचं, असा बेत. प्रत्यक्षात चहा झाला की ताईच सुतळी ओढायच्या आणि गाडीखालून साडू किंचाळायचे. गल्लीतल्या सलीमभाईंचं गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं दुकान होतं. ते एकदा रंगाचं विचारायला आले आणि साडूंनी इंजिनाला स्टेथोस्कोप लावलेला पाहून पाच मिनिटं दारातच उभे राहिले. मग हळूच मला म्हणाले, "मास्टरसाब, मरीज होश में आ जाए तो बता देना, रंग तब लगाएँगे।"

आता ती वर्षं कशी होती तेही सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. कापसाचं सगळंच बिनसलं होतं. पाऊस हवा तेव्हा गायब आणि बोंडं फुटली की हजर. अळी फवारणीला दाद देईना, आणि उरलेलं पीक घेऊन जावं तर भावाची बोंब. सकाळचा पेपर उघडायचा म्हणजे जिल्ह्याच्या पानावर आज कुठल्या गावचं कोण गेलं, हे पाहायचं. शाळेत हजेरी घेताना एखादा मुलगा आठ-आठ दिवस दिसत नसे आणि मी वर्गाला का ते विचारत नसे. साडूंकडे पेपर यायचा. ते शेवटच्या पानापासून वाचायला लागायचे आणि जिल्ह्याचं पान आलं की ते काढून, घडी न मोडता, तेल गळतं तिथे इंजिनाखाली अंथरायचे. मी एकदा म्हटलं, अहो, वाचून तरी अंथरा. तर म्हणाले, "त्यात काय हाय वाचाले?" आणि ते पान तेलानं पुरतं काळं होईपर्यंत तिथून हलले नाहीत.

मग बऱ्याच दिवसांनी गजू दर रविवारी पहिल्या एसटीनं यायला लागला. त्याला यंत्रातलं कळायचं. वडिलांकडून उचललेलं. दिवसभर तो गोठ्यात राबायचा, साडू त्याच्या हातात पाना द्यायचे, आणि संध्याकाळी गाडी बोलायला लागायची. पहिल्यांदा ती सुरू झाली तेव्हा मी तिथेच होतो. हँडल मारल्यावर ती खोकली, शिंकली आणि अशी काही धडधडली की शेजारच्या माडीवरची कबुतरं उडाली. ताईंनी नारळ फोडला. मला वाटलं, झालं, सुटलो, पुढच्या रविवारी हिच्यात बसून भजी खायला जाऊ. पण बुधवारी गावातल्या किराणा दुकानात साडूंचा फोन गेला, "गजूले बोलवा जरा," आणि गजू फोनवर आल्यावर, "गाडी बिघडली. मले जमून नाही राहिलं. रविवारी ये." रविवारी गजू आला, गाडी दुरुस्त झाली, बुधवारी पुन्हा बिघडली. असे महिने गेले. चाकं बसली, रंग लागला, सलीमभाईंनी हौसेनं दारांवर कमळं काढून दिली, आणि तरी ही बया बुधवार आला की अंग टाकायची. घरात साडूंची टिंगल सुरू झाली. मी त्यात पुढे होतो. म्हटलं, साडूभाऊ, तुमच्या हाताला गुण होता तो माणसांपुरता, लोखंडाला तुम्ही मानवत नाही. ते ओशाळून हसायचे आणि म्हणायचे, "काय करू मास्तर, मले त्यातलं काई समजतच नाही." गजू हसायचा नाही. तो एव्हाना कशालाच हसत नव्हता. यायचा, काम करायचा, मान खाली घालून जेवायचा आणि शेवटच्या गाडीनं जायचा.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अकोल्याला मुक्कामाला होतो. बुधवारी दुपारी जेवणं झाली, बायका चकल्यांना बसल्या, मी आपला विडी ओढायला गोठ्याकडे गेलो. तर साडू बॉनेट उघडून उभे. एका हातात दवाखान्यातला चिमटा, चिमट्यात पांढऱ्याशुभ्र कापसाचा बोळा, आणि तो बोळा ते पेट्रोलच्या नळीत अगदी अलगद सरकवत होते, लहान मुलाच्या कानात औषध सोडावं तसे. मला पाहूनही बोळा पूर्ण आत गेल्याशिवाय त्यांनी हात काढला नाही. मी म्हटलं, हे काय चाललंय? त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, मग मला गाडीच्या फूटबोर्डवर बसवलं.

"गजू बोलत नाही मास्तर," ते म्हणाले. "दोन वर्सं झाली. घरात बोलत नाही, वावरात बोलत नाही, इहिरीच्या काठावर जाऊन बसते. त्याच्या बायकोनं मले सांगितलं. मी म्हटलं, गजू, ये आमच्याकडं बसायले. आला नाही. जेवाले ये म्हटलं, नाही आला. तुह्यं काय बिनसलं म्हून इचारलं तं उठून गेला. मंग एक दिस म्हटलं, गाडी सुरू होत नाही, मले जमत नाही. तं पयल्या गाडीनं आला."

आमच्याकडचा माणूस असाच आहे. तुम्ही त्याला कसा आहेस विचारलंत तर तो बरा आहे म्हणून सांगेल आणि पुन्हा तुमच्या दारात यायचा नाही. काम सांगितलंत तर ताटावरून उठून येईल. हे मला जन्मापासून माहीत होतं, पण त्यावर कुणी एक अख्खी गाडी उभी केली असेल असं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, मग नुसतं फोनवर सांगायचं बिघडली म्हणून, खरोखर बिघडवायची काय गरज? तर साडू दुखावले. "खोटं कसं बोलू? अन् तो आल्यावर गाडी सुरू झाली तं?" बुधवारच का, तेही त्यांनी सांगितलं. रविवारी गजू डोळ्यांना दिसतो. बुधवारी दुकानदार त्याला फोनवर बोलावतो, म्हणजे कानाला ऐकू येतो. मधले दिवस ढकलता येतात. मग ते टोपी काढून डोकं पुसत म्हणाले, "दवाखान्यात मी लय पाह्यले मास्तर. फवारणीचं औषध पिऊन आलेले. पोट धुवाले मीच उभा राहो. काई वाचले, काई नाही वाचले. त्याईच्यातल्या एकाच्याही घरच्याले आदल्या दिवशी मालूम नव्हतं." एवढं बोलून त्यांनी बॉनेट लावलं, हात धुतले आणि दुकानात फोन करायला निघून गेले. मी तिथेच बसून राहिलो. विडी पेटवायची राहूनच गेली होती.

त्या दिवसापासून मीही बिघडलो. अमरावतीला बसून रविवारी सकाळी घड्याळ पाहायला लागलो. गजूची गाडी आता पोचली असेल, आता तो गल्लीत शिरला असेल. बायको म्हणाली, तुम्हाला भाऊजींचा वारा लागला. लागलाच होता. जमेल त्या रविवारी मी काहीतरी निमित्त काढून अकोल्याला जायचो आणि गजूची पाठमोरी, वाकलेली आकृती बॉनेटखाली दिसली की मगच मला चहा गोड लागायचा.

थंडीतला एक रविवार. मी आदल्या दिवशीच आलो होतो. पहिली गाडी आली, गजू आला नाही. साडू म्हणाले, चुकली असेल. दुसरीही गेली. साडू गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले, परत आले, पुन्हा गेले. ताईंनी पोहे केले होते, ते कुणी खाल्ले नाहीत. दुकानात फोन लावला तर नुसती घंटी वाजत राहिली.  साडू एरवी गॅसच्या खटक्यावरून घर डोक्यावर घेणारे, पण त्या सकाळी नुसते हाताची बोटं चोळत होते. मग एकदम म्हणाले, "चाला मास्तर, गावाले जाऊ." मी म्हटलं, स्टँडवर जाऊ या. ते म्हणाले, स्टँडवर कशाला, गाडी हाय ना. आणि म्हणता म्हणता त्यांचा चेहरा असा पडला की मला पाहवेना. बोळा आत होता. बुधवारी त्यांनी स्वतःच घातलेला.

गोठ्यात आम्ही दोघं त्या नळीवर तुटून पडलो. चिमटा आत जाईना. बोळा पेट्रोलनं भिजून आणखी आत सरकला होता. घाईत साडूंच्या हातून चिमटा दोनदा खाली पडला, आणि दोन्ही वेळा त्यांनी तो धुतला नाही, यावरून काय ते समजा. शेवटी मी नळी उपसून तोंडात धरली आणि जीव खाऊन ओढलं. बोळा आला, त्याच्यामागून पेट्रोल आलं, आणि मी गोठ्याच्या भिंतीवर थुंकत असताना साडूंनी नळी जोडली, क्लिप आवळली, पॉइंट पुसला, कारबोरेटर उघडून फुंकून परत बसवला, सगळं न बघता, सरसर. ज्या माणसाला त्यातलं काही समजत नव्हतं त्याचे हात मी त्या दिवशी पाहिले. मी हँडल मारलं. गाडी सुरू झाली. ताईंना घरी थांबवलं, गजू आलाच तर कुणीतरी हवं म्हणून. आणि ज्या माणसानं ती गाडी फाटकाबाहेर कधी काढली नव्हती, त्यानं ती जुन्या शहराच्या बाजारातून बाहेर काढली. हातगाड्या, बकऱ्या, बुरख्यातल्या बायका, सगळे बाजूला होत होते. सलीमभाई दुकानातून ओरडले, "अरे, होश में आ गया!" साडूंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. वळणावर हात दाखवायचंही त्या दिवशी ते विसरले. बार्शीटाकळीच्या रस्त्याला लागल्यावर ते पुटपुटायला लागले, आणि बराच वेळ मला वाटलं देवाचं नाव घेताहेत. नीट ऐकलं तर ते गजूलाच रागावत होते. लहानपणी पतंगामागे माडीवरून उडी मारलीस, तेव्हापासून मले घोर लावला, असं काहीबाही. विहिरीकडे जाणारा रस्ता कोणता, हे मी त्यांना विचारणार होतो. विचारलं नाही.

रेल्वे फाटकाच्या बरंच पुढे समोरून एक माणूस चालत येताना दिसला. खांद्यावर पिशवी, लांब लांब टांगा. साडूंनी ब्रेक दाबला तो इतका की माझं कपाळ समोर आपटलं. गजू रस्त्याच्या मधोमध थांबला. आधी गाडीकडे पाहिलं, मग भावाकडे. एसटी वाटेत बंद पडली होती, दुसरी केव्हा येईल याचा नेम नाही, म्हणून तो पायी निघाला होता. घामानं निथळत होता. साडू खाली उतरले, त्याच्याजवळ गेले आणि त्याचे दोन्ही दंड धरून उभे राहिले.  म्हणाले, "इतकं चालत काहून आला? नस्ता आला तं काय झालं असतं?"

गजू म्हणाला, "तुमी काळजीनं अर्धे झाले असते." मग पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेऊन, मान खाली घालून, इतक्या महिन्यांत बोलला नव्हता एवढं एकदम बोलला. "भाऊ, पेट्रोलच्या नळीत दवाखान्यातला कापूस कसा जाईन? जन्मभर कापूस येचला म्या. आपल्या वावरातला कोणता अन् गुंडाळीतला कोणता, मले समजत नाही काय? पयल्या खेपेलेच पाह्यला. म्या वैनीले इचारलं, भाऊले काय झालं? स्वताच गाडी बिघडवते अन् मलेच बोलावते. वैनी रडाले लागली. मंग म्या म्हटलं, रिटायर झाल्यापासून भाऊचं डोस्कं ठिकाणावर नाही, याईले एकटं सोडणं बरं नाही. म्हून येत होतो दर रविवारी. नाईतं मले कुठी याची इच्छा होती? सकाळी उठाचीबी इच्छा नव्हती. पण रविवार आला की वाटे, भाऊ वाट पाहून राह्यले असन."

साडू त्याच्याकडे बघतच राहिले. मग त्यांना रडू फुटलं, आणि रडता रडता ते हसायला लागले, आणि गजू खुळ्यासारखा दोन्ही हात लोंबकळत ठेवून उभा होता. मी दुसरीकडे बघत तुरीच्या वावरातल्या शेंगा पाहत राहिलो. येताना गाडी गजूनं चालवली. साडू मधे बसले आणि अकोला येईपर्यंत त्याला हळू चालव, हळू चालव म्हणत राहिले.

याला आता पुष्कळ वर्षं झाली. गजू लगेच बरा झाला आणि आनंदानं राहू लागला, असं काही झालं नाही. वाईट दिवस पुढेही आले, विहिरीच्या काठावर तो नंतरही बसला. पण आता साडू सरळ गाडी काढून त्याच्याजवळ जाऊन बसायचे. कुणाला काही बिघडवायची गरज उरली नाही. साडू गेले ते घरी, अंथरुणावर, म्हातारपणानं, सगळ्यांनी पाणी घालून झाल्यावर. शेवटच्या दिवसांतसुद्धा गजू खोलीबाहेर गेला की कुठे गेला म्हणून विचारायचे.

परवा गजू अमरावतीला डॉक्टरांकडे आला होता, म्हणून आमच्याकडे उतरला. केस पांढरेफटक, डोळ्यांना जाड चष्मा, जिना चढताना कठड्याला धरून. अर्धा तास मला गुडघेदुखीच सांगत होता. रात्री कसे ठणकतात, कोणतं तेल चोळलं, नातू कसा पाठीवर बसायला मागतो आणि आता कसं जमत नाही. बायको आतून मला खुणा करत होती, की बिचारा दुखणं सांगतोय आणि तुम्ही हसताय काय. मी काय करू? मला आवरतच नव्हतं. साडू असते तर त्यांनी पुन्हा पुन्हा सांगायला लावलं असतं. गजू म्हातारा झाला होता. एवढंच तर त्यांना हवं होतं.